गुनवोरची जागा

आमच्या गावातल्या माणसाला पगार विचारलात तर तो एक वेळ सांगेल, बायकोशी पटत नाही हेही कॉफीच्या दुसऱ्या कपाला सांगून टाकेल. पण पिवळी अळंबी कुठे मिळतात एवढं मात्र विचारू नका. कान्तारेल म्हणतात त्यांना. ऑगस्ट उजाडला की जो तो टोपली घेऊन एकटाच जंगलात शिरतो, मागे कुणी येत नाही ना हे वळून वळून बघतो आणि येताना मुद्दाम दुसऱ्याच वाटेनं येतो. विचारलं तर "अशीच, तिकडे" म्हणून हात हलवतात, आणि तो हात चारी दिशांना हलतो. जागा सख्ख्या भावाला सांगत नाहीत, नवऱ्याला सांगत नाहीत. पोटच्या पोराला सांगतात, पण तीही अगदी शेवटी.

माझी सासू गुनवोर तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती, आणि तिची जागा गावात सगळ्यांत चांगली असं सगळेच म्हणत. माझा नवरा ऊस्तेन, लाकडाचा ट्रक चालवणारा चोपन्न वर्षांचा बाप्या, दर ऑगस्टात लहान पोरासारखा तिच्या मागे लागायचा.

"आता तरी सांग ना आई. गुडघे दुखतात तुझे. मी आणून देतो."

"तुझ्या आजीनं मला सांगितली आणि चौथ्या दिवशी गेली," ती म्हणायची. "तुला एवढी घाई झालीय का?"

की ऊस्तेन टोपी उचलून बाहेर. त्या वर्षी तिनं माझ्याकडे बघून डोळाही मारला.

मी मूळची थायलंडच्या ईशान भागातली, साकोन नाखोनकडची. नाव साइफिन. आता इथे स्वीडनमध्ये नऊ वर्षं झाली, पण ही गोष्ट पहिल्या वर्षाची आहे. त्या वर्षी माझी स्वीडिश इतकी तुटकी होती की गुरांनाही कळली नसती. इथे मी सगळ्यांचं बोलणं, माझंसुद्धा, नीट करून सांगतेय.

मार्चमध्ये आले तेव्हा अंगणात कमरेएवढं बर्फ होतं. ऊस्तेन सोमवारी पहाटे ट्रक घेऊन उत्तरेला जायचा तो शुक्रवारी संध्याकाळी उगवायचा. मधले पाच दिवस मी खिडकीत. रडायचे, भांडी घासायचे, पुन्हा रडायचे. रस्त्यावर माणूस नाही, हवेला वास नाही. बाकी सगळं सोसता येतं, पण वास नसलेल्या जागी माणूस वेडा होतो, हे मी अनुभवानं सांगते. आठवड्यातून दोनदा भाषेच्या वर्गाला जाऊन "माझं नाव साइफिन आहे, मला पोहायला आवडतं" असं म्हणायचे. मला पोहता येत नाही. पण "मला इथे जगावंसं वाटत नाही" हे वाक्य त्या पुस्तकात नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी मी बॅग भरून दाराआड ठेवली. ऊस्तेन चांगला माणूस, म्हणूनच त्याला तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता. त्यानं शुक्रवारी यावं, बॅग बघावी आणि समजून घ्यावं असा माझा बेत होता. बघितली ती गुनवोरनं. ती त्याच अंगणातल्या छोट्या घरात राहायची. वेलचीचे पाव द्यायला आली, बॅगेकडे बघितलं आणि पाव ठेवून गेली. तासाभरानं परत आली ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन.

"घाल. माप बघ."

"कशाला, मे?"

इथे सासूलाही नावानं हाक मारतात, अगंतुगं करतात. माझी जीभ वळेना, म्हणून मी तिला मे म्हणायचे. मे म्हणजे आमच्याकडची आई.

"जंगलात ओल असते," ती म्हणाली. "आणि ती बॅग आत ठेव. दारात पाय अडकतो."

त्या उन्हाळ्यात तिनं मला रोज जंगलात नेलं. आंबट पानं खायला दिली, अगदी चिंचेच्या कोवळ्या पानांसारखी, आणि मी तिथेच फतकल मारून ओरबाडून खाल्ली. दलदलीत पाय कुठे ठेवायचा ते शिकवलं. ब्लूबेरी, एल्क हरणाच्या लेंड्या, करकोच्यांची ओरड, बर्च झाडाच्या सालीवर पेटवायची चूल. मुंग्यांचं छातीएवढं वारूळ दिसलं तेव्हा मला राहवेना. आमच्याकडे मुंग्यांची अंडी चैन म्हणून खातात.

"मे, याच्या आत अंडी असतील ना? मी काढू?"

ती इतकी दचकली की हातातली काठी पडली. "अगं, त्यांचं घर आहे ते! राहू दे त्यांना!"

"नुसती मूठभर."

"साइ, राहू दे म्हटलं ना."

हा तिचा पाठ ठरलेला होता. आपण हे घ्यायचं, बाकी राहू दे. जुलैअखेर अळंबी उगवायला लागली. तांबडी, तपकिरी, जांभळट. पायाखाली नुसता बाजार मांडलेला. माझे हात शिवशिवायचे. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर अख्खं गाव पहाटे डोंगरावर असतं आणि टोपल्या भरून खाली येतं. आणि ही बाई त्या बाजारातून नाकासमोर चालत जायची.

"आपण फक्त पिवळी घेतो," ती म्हणायची.

"आणि एवढी सगळी?"

"बाकी राहू देत."

मला मनातून तिची कीव यायची. सत्तर वर्षं जंगलात फिरते आणि एकच अळंबं ओळखते! पिवळ्यांच्या दिवशी मात्र ती मला घरी ठेवायची. एकटी जायची, भरली टोपली घेऊन यायची, आणि मी "कुठून?" म्हटलं की हात चारी दिशांना.

मग ऑगस्टातल्या एका शनिवारी मी एकटीच गेले. दलदलीच्या पलीकडे, स्प्रूसच्या दाट झाडीत, जिथे ती मला कधी नेत नसे, तिथे ओल्या शेवाळात मला ती दिसली. अळंब्यांची चार पांढरी अंडी, अजून न उमललेली, आणि बाजूला एक पूर्ण उमललेलं, उंच आणि पांढरंशुभ्र. मी तिथेच गुडघे टेकले. आमचं राङोक अळंबं! घरी आई मला पहाटे उठवून ज्यासाठी न्यायची, ते. अंड्यातच असताना उकरायचं, पांढरी साल सोलायची, आत कोवळा गर. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, या मातीला माझी ओळख पटली. मी शेवाळावर गाल टेकून रडले. उमललेलं तसंच ठेवून चारही अंडी पदराशी धरल्यासारखी जपून घरी आणली.

आईला फोन लावला, अंडी कॅमेऱ्यासमोर धरली.

"अगबाई, राङोकच की!" आई म्हणाली. "तिकडेपण येतं? बघ, तुझ्या मागोमाग आलं. पण तांदूळ टाक हो, विसरू नकोस."

मी विसरले नव्हते. आमच्याकडे अळंबी शिजताना पातेल्यात मूठभर तांदूळ टाकतात. विषारी असतील तर तांदूळ काळे पडतात. आजीनं असंच केलं, आईनं असंच केलं. मी टाकले. तांदूळ पांढरेशुभ्र राहिले. एकेक दाणा चिमटीत घेऊन उजेडात बघितला. माझ्याकडून कसलीही कसूर झाली नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही.

गुनवोरच्या वाफ्यातला शेपू घातला. आमच्याकडेही रश्शात शेपू लागतो. या दोन देशांत सारखं असं मला तेवढंच सापडलं होतं. पाच वाजता ती जेवायला आली. ऊस्तेन त्या शनिवारी गाडीवरच होता.

तिनं चमच्यात फोड घेऊन बघितली. "डब्यातली का गं?"

मागे एकदा मी तिला शहरातून आणलेली डब्यातली अळंबी करून घातली होती. चिरल्यावर तीही अशीच दिसतात.

आता इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडून तीन शब्द. पण मला मजा येत होती. माझी स्वतःची जागा झाली होती! पाच महिने त्या मातीत परकी, आणि आज गावातल्या कुठल्याही बाईसारखी माझीही एक जागा होती, आणि जागा सांगायची नसते हे मी हिच्याकडूनच शिकले होते. उद्या सकाळी हिला हात धरून न्यायचं, उमललेलं पांढरं दाखवायचं आणि म्हणायचं, बघा, हे तुम्ही सत्तर वर्षं राहू दिलंत. म्हणून मी नुसती हसले, आणि हात चारी दिशांना हलवला.

तीही हसली. तिला वाटलं, मी तिची नक्कल करतेय.

अंड्यांच्या फोडी मी सगळ्या तिलाच वाढल्या. कोवळं ते मोठ्या माणसाला, ही आमची रीत. माझ्या वाटीत दोन चमचे रस्सा होता. तिनं दोन वाट्या खाल्ल्या, वाटी पावानं पुसली आणि म्हणाली, "साइ, तुझ्या हाताला चव आहे. मी आपली उगाच तुझ्या तिखटाला भीत होते."

ती बॅग मी त्या रात्री रिकामी केली. कपडे कपाटात लावले.

सकाळी सहाला मला मळमळलं. बाहेर आले तर गुनवोरच्या घरात दिवा. ती मोरीच्या फरशीवर बसली होती, भिंतीला टेकून, चेहरा राखेसारखा. पहाटे चारपासून उलट्या-जुलाब चालले होते आणि या बाईनं मला उठवलं नव्हतं.

"पोट बिघडलंय. जाईल," ती म्हणाली.

तरीही माझ्या डोक्यात आलं नाही. विष असतं तर जेवल्या जेवल्या कळलं असतं, अकरा तासांनी कसं कळेल? आणि तांदूळ पांढरे होते. मी तिला साखर-मिठाचं पाणी पाजलं, ते तसंच बाहेर आलं. मग मी रुग्णवाहिका बोलावली. तिच्यातल्या माणसानं विचारलं, "काल काय खाल्लं?"

"सुनेनं सूप केलं होतं," गुनवोर म्हणाली. "डब्यातल्या अळंब्यांचं."

त्यानं लिहून घेतलं. मी लिहू दिलं.

हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. 'डब्यातल्या' हा शब्द ऐकल्याबरोबर मला सगळं कळलं. आणि मी गप्प बसले. माझा राहायचा परवाना दोन वर्षांचा, कच्चा. वर्गातल्या बायका म्हणायच्या, पोलिसात एकदा नाव गेलं की परत पाठवतात. कालच कपडे कपाटात लावले होते. हॉस्पिटल नव्वद किलोमीटरवर होतं. पन्नास किलोमीटर मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि देवाला म्हणत राहिले की तांदूळ पांढरे होते, तांदूळ पांढरे होते. मग गुनवोरनं डोळे मिटलेले असतानाच हात चाचपून माझा हात शोधला आणि विचारलं, "तुझं पोट ठीक आहे ना गं?"

"डब्यातली नव्हती!" मी ओरडले. "जंगलातली होती! मी आणली!"

त्या माणसानं वर बघितलं आणि पुढच्याला गाडी पळवायला सांगितलं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. पान उलटायचीही गरज पडली नाही. तेच, पांढरं, उंच, खाली अंड्याचं कवच. मी बोट ठेवलं. डॉक्टरणीनं पुस्तक मिटलं.

"किती खाल्ली?"

"चार. त्यांनीच. मी फक्त रस्सा." आणि मग, का कोण जाणे, "तांदूळ टाकले होते. पांढरे राहिले."

मी काय बोलतेय ते तिला कळलं नाही. पलीकडच्या खाटेवर गुनवोरनं डोळे उघडले.

"कुठे मिळाली?"

"दलदलीच्या पलीकडे, मे."

"अगं, तिथे दरवर्षी येतात ती पांढरी," ती हळू म्हणाली. "म्हणून तर मी तुला तिकडे नेलं नाही."

आम्हा दोघींना विष शोषून घ्यायला कोळशाचा काळा घोळ पाजला, नळ्या लावल्या. मला एका दिवसात सोडलं. दोन चमच्यांनी माझं काही बिघडलं नव्हतं. ते ऐकून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. ऊस्तेन रविवारी संध्याकाळी पोचला, ट्रक तसाच हॉस्पिटलच्या आवारात लावून. मी त्याला सगळं सांगितलं, पन्नास किलोमीटरसकट. तो मारेल असं मला वाटलं, मारावं असंही वाटलं. तो खुर्चीत बसला आणि आपल्या मोठ्या हातांकडे बघत राहिला.

"तिला विचारायला हवं होतंस," एवढंच म्हणाला.

"पोलिसांना बोलव."

"पोलीस काय करणार?" तो म्हणाला. "सूप उलटं पातेल्यात घालणार?"

मंगळवारी सकाळी मी खोलीत शिरले तर गुनवोर उशीला टेकून बसलेली! उलट्या थांबल्या होत्या. गालावर रंग होता. तिनं कॉफी मागून घेतली आणि ही कॉफी नव्हे, भांडी धुतलेलं पाणी आहे, असं नर्सला सुनावलं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले आणि हसले. कॉरिडॉरमध्ये पळत जाऊन ऊस्तेनला सांगितलं, दिसेल त्याला सांगितलं. त्याच वेळी आईचा फोन आला.

"काय गं, आवडलं का सासूला राङोक?"

"दोन वाट्या खाल्ल्या, आई," मी म्हटलं.

"बघ! आणि म्हणे तिकडच्या लोकांना जीभ नाही."

फोन ठेवला तेव्हा डॉक्टरीण समोर उभी होती. तिनं आम्हा दोघांना बाजूच्या खोलीत नेलं. हे विष असंच करतं, ती म्हणाली. मधे एक दिवस बरं वाटतं. आत यकृत जळतच असतं. रक्ताचे आकडे सकाळी दुप्पट झालेत. वय कमी असतं तर दुसरं यकृत बसवायचा विचार केला असता. एकोणऐंशीला ते करत नाहीत.

"तिला सांगितलंत?" ऊस्तेननं विचारलं.

"अजून नाही. आज चाचण्या बघू, उद्या बोलू."

मी डॉक्टरणीच्या हातावर हात ठेवला. "माझं घ्या. अर्धं घ्या. सगळं घ्या."

"असं घेता येत नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यामुळे मी जास्तच घाबरले.

तोंड धुऊन मी परत खोलीत गेले. ऊस्तेन दाराबाहेर थांबला, त्याला अजून चेहरा सावरता येत नव्हता. मी मात्र ठरवलं होतं, हसायचं. डॉक्टरांना काय कळतं? बाई बसलीय, कॉफी पितेय, नर्सशी भांडतेय. घरी नेऊ, मी जन्मभर तिच्या दारात झोपेन.

"मे, आता गुरुवारपर्यंत सोडतील बघा," मी म्हटलं. "पिवळ्यांचा मोसम अजून तीन आठवडे आहे. तुम्हीच जाल टोपली घेऊन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाटेच्या कडेवर थोपटलं. "बस इथे. जवळ ये, कान इकडे कर."

मी वाकले. तिच्या श्वासाला कॉफीचा वास होता.

"दुधाची कॅन ठेवायचा जुना लाकडी ओटा माहीत आहे ना, रस्त्याच्या वळणावर? त्याच्या मागून ओढ्याकडे..."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी दोन्ही कान गच्च झाकले.

"नाही! नको! मला नका सांगू! मे, मला नाही ऐकायचं!"

"साइ."

"ऊस्तेनला सांगा! पुढच्या वर्षी सांगा! दहा वर्षांनी सांगा!"

"ऊस्तेनच्या पोटात काही राहतं का?" ती म्हणाली. "शिकारीच्या टोळीला सांगून मोकळा होईल."

तिनं माझे हात धरून कानांवरून काढले. हाताला अजून जोर होता. मी मान हलवत होते, नको नको म्हणत होते, आणि ती शांतपणे, मला दलदलीतून न्यायची तशीच, एकेक पाऊल सांगत होती. ओढ्याच्या कडेनं वर. दोन फुटलेले दगड. आडवा पडलेला बर्च, त्याच्या उन्हाकडच्या बाजूला. पहिलं पान गळायच्या आत जायचं. मुळं हलवायची नाहीत, सुरीनं कापायचं.

"म्हणून दाखव."

"मे..."

"म्हण गं. चुकशील."

मी म्हणून दाखवलं. ओटा, ओढा, दगड, बर्च, ऊन. एके ठिकाणी चुकले तर तिनं दुरुस्त केलं.

"आणि फक्त पिवळी हं," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. "बाकी राहू देत."

"हो, मे," मी म्हटलं.

बाहेर आले. ऊस्तेन भिंतीला टेकून उभा होता. त्यानं आतली कुजबुज ऐकली असावी, शब्द नव्हे.

"काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हटलं. "असंच."

तो त्याच गावात जन्मलेला माणूस. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि मी कुठे बघावं ते न कळून खाली बघितलं. मग तो भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली आला आणि कॉरिडॉरच्या फरशीवर बसला.